रविवार धरायचा नाही

अक्का गेली तेव्हा माझ्या एका हातात चहाची बशी होती, दुसऱ्या हातात दगडी पाटी होती आणि तोंडावर, खोटं कशाला सांगू, विजयी वीराचं हसू होतं. बातमी घेऊन शेजारची शिवम्मा दारात आली तरी ते हसू उतरेना. नटाचं हसू असं पटकन जात नाही, चेहऱ्यावरचा रंग पुसायलासुद्धा खोबरेल लागतं... मी हसत होतो आणि शिवम्मा माझ्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "दादा, अक्का कवाधरनं हाक मारायल्या होत्या की तुमाला. तुमी ऐकलं न्हाय व्हय? आता गप झाल्यात बगा."

ऐकलं होतं. तीनदा ऐकलं होतं, आणि आनंदानं टाळी वाजवली होती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. लोक भेटायला येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, किती प्रेम होतं हो तुमच्या बहिणीचं तुमच्यावर. मी मान हलवतो. मान हलवण्यात मी पटाईत आहे. पण गोष्ट सांगण्यात त्याहून जास्त पटाईत आहे, म्हणून ती सांगतोच.

मार्था अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि अक्कानं मला वाढवलं. म्हणजे धुतलं, विंचरलं, पाढे पाठ करून घेतले आणि चुकलो की लाकडी पट्टीनं शेकून काढलं. स्वतः लग्न केलं नाही. मुलींच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, आणि ते असं शिकवलं की आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका आजही कुणी नुसती अडीचकी म्हटली तरी आपोआप तळहात पुढे करतात. उंच, सडपातळ, खळीची पांढरी साडी, चालणं पट्टीनं आखल्यासारखं. भवानी पेठेच्या मागच्या अंगाला आमची दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये एकच भिंत. मागे तेलुगू विणकरांचे पॉवरलूम. दिवसभर खटखट चालू असते, इतकी की आमच्याकडे जन्मलेली पोरं बोलायला लागतात तीच ओरडून.

मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून आहे. पण ते पोटासाठी. माझा खरा उद्योग म्हणजे गोष्टी सांगणं. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात गेली वीस वर्षं हेरोद राजा मीच. बालकांची कत्तल करण्याचा हुकूम मी अशा काही आवाजात सोडतो की पहिल्या रांगेतली तान्ही पोरं खरोखर रडायला लागतात, आणि तेवढ्यानं माझा नाताळ साजरा होतो. रोज साडेचारला गिरणीतून घरी आलो की मी अक्काच्या उंबऱ्यावर बसायचो. ती आतून म्हणायची, "हं, सांग." बस, एवढंच. मग मी गिरणीतला मुकादम, हजेरीला दुसऱ्याचं नाव पुकारून घेणारा जॉबर, नाकात बोलणारे मोठे साहेब, सगळे तिच्या अंगणात उभे करायचो. अक्का कधी हसायची नाही. पदर तोंडाशी नेऊन म्हणायची, "पुरे झालं, देवाला काय वाटेल." पण खांदे हलायचे. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी त्या खांद्यांसाठी मी दिवसभर माणसं गोळा करत हिंडायचो. बायको, एस्तेर, म्हणायची, तुम्ही गिरणीत पगारासाठी जात नाही, अक्कांना सांगायला काहीतरी मिळावं म्हणून जाता.

आता उपासाचं सांगतो, कारण सगळं त्याच्याभोवती आहे. ईस्टरच्या आधी आम्ही ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपास धरतो. प्रभू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला, त्याची आठवण. सुरुवात राखेच्या बुधवारी. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या शिंदीच्या झावळ्या जपून ठेवायच्या, त्या जाळायच्या, आणि त्याच राखेचा क्रूस पाळकसाहेब कपाळावर काढतात. काढताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. कपाळाला राख ही सोलापुरात काही नवलाची गोष्ट नाही, आमच्या गल्लीत रोज सकाळी निम्मी कपाळं भस्मानं पांढरी असतात. शिवम्मा तर त्या दिवशी अक्काला बघून खूश व्हायची. म्हणायची, "आज कशा आमच्यातल्या दिसायल्यात." आणि उपास म्हटल्यावर संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर. अक्का समजावून सांगायची की आमच्या उपासाला साबुदाणा लागत नाही, भाकरी चालते, भाजी चालते, फक्त मटण-मासळी खायची नाही. शिवम्मा विचारात पडायची. मग म्हणायची, "मटन खायचं न्हाय ह्यो उपास? मग आमी जल्मभर उपाशीच हाय की."

मटण सोडणं हे सगळ्यांचंच. त्याशिवाय प्रत्येकानं आपलं एक काहीतरी सोडायचं. कुणी विडी सोडतं, कुणी सिनेमा, कुणी पान. चर्चमधून बाहेर पडलं की सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, या वर्षी काय सोडलंस? मी दरवर्षी दोडका सोडायचो. मला दोडका आवडत नाही. अक्का म्हणायची, "नावडतं सोडणं याला केर काढणं म्हणतात. उपास पोटाचा नसतो, दावू. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं असतं आपण. त्या मुठीत देवाला काही ठेवायचं असलं तर ठेवणार कुठं? म्हणून चाळीस दिवस मूठ उघडायची. दुखलं पाहिजे. दुखलं नाही तर उघडलीच नाही असं समज."

तिची मूठ उघडली की दुखायचं मात्र आम्हाला. दुष्काळाच्या सालात तिनं चहा सोडला. साखर रेशनवर होती तेव्हा मी विचारलं, अक्का, हा उपास म्हणायचा की काटकसर? उत्तर देण्याइतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या चाळीस दिवसांत तिसरीचा अख्खा वर्ग अंगठे धरून उभा होता. पुढच्या वर्षी शेंगाचटणी सोडली. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडायची म्हणजे काय ते सोलापूरच्याच माणसाला कळेल. भाकरीकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी समोर बसून, चटणीवर तेल ओतून, बोटानं कालवून, चुटुचुटु आवाज करत खायचो. ती पट्टी शोधायची. एका वर्षी उशी सोडली, मान अवघडली, तेव्हा चाळीस दिवस ती जगाकडे तिरकं बघत होती आणि जगाला वाटत होतं, बाईंना आपला संशय आलाय.

मग यंदाचं साल आलं. राखेच्या बुधवारच्या आदली संध्याकाळ. मी उंबऱ्यावर, ती आत तांदूळ निवडत. मी नेहमीप्रमाणे छेडलं, काय सोडणार यंदा? ती म्हणाली, अजून ठरलं नाही. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मला ते फार आवडलं होतं, गिरणीतून येताना सायकलवरच जुळवलं होतं. मी म्हणालो, "अक्का, देवानं अब्राहामाकडे पोरगा मागितला होता. चटणी नव्हती मागितली."

तांदळातली तिची बोटं थांबली. ती हसेल म्हणून मी खांद्यांकडे बघितलं. खांदे हलले नाहीत. म्हणाली, "खरंय तुझं." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून ती आमच्या दाराशी आली. कपाळावर राखेचा क्रूस, घामानं थोडा ओघळलेला. एस्तेर चूल सारवत होती, मी दाढी करत होतो, शिवम्मा ओट्यावर होती. अक्का म्हणाली, "दावू, या वर्षी मी तुला सोडलंय." एवढं बोलून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

माझ्या हनुवटीला वस्तरा लागला. शिवम्मानं दुपारपर्यंत गल्लीभर सांगितलं की अक्कानं भावाला सोडलं, आता तोंड बघणार न्हाय, जमिनीवरनं असंल. जमीन आमच्या बापजाद्यांना कधी नव्हती. एस्तेर मात्र सारवलेल्या हातानंच उभी राहिली. म्हणाली, "अहो, त्यांनी आवडतं सोडलंय. कळलं का तुम्हाला?"

कळलं होतं. मी मठ्ठ नाही. अक्कानं उभ्या जन्मात मला कधी जवळ घेतलं नाही, गोड बोलली नाही. तिचं प्रेम म्हणून काही ऐकायला मिळालं असेल तर ते एवढंच वाक्य. पण माझं काय झालं सांगू? मला राग आला. चहा, चटणी, उशी आणि दाविद, अशी यादी डोळ्यांसमोर आली. आणि साडेचार वाजले. गिरणीत त्या दिवशी मुकादमाची टोपी यंत्राच्या पट्ट्यात अडकून छतापर्यंत गेली होती, अशी गोष्ट वर्षात एकदा मिळते, आणि समोर बंद दार. ज्याचा प्रेक्षक उठून जातो त्या नटासारखा दुष्ट प्राणी नाही. मी ठरवलं, हिला उपास काय असतो ते दाखवायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या ओट्यावर बसून एस्तेरला गोष्टी सांगायला लागलो. मोठ्यानं. मागांच्या वर आवाज काढून, भिंतीपलीकडे नीट जाईल असा. सगळे आवाज, सगळ्या नकला. आणि गोष्ट अशी चढवत न्यायची, चढवत न्यायची, की आता शेवट येणार, आणि तिथंच थांबायचं. "चल, वाढ आता." टोपी छतापर्यंत नेली आणि तिथंच ठेवली. जॉबरची बायको गिरणीच्या दारात उभी केली आणि सोडून दिली. भिंतीपलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला की मला अन्न गोड लागायचं. शेवट कळायला तिला तोंड उघडून विचारावं लागलं असतं.

पण खरी मजा रविवारी. चाळीस दिवसांचं गणित नीट समजून घ्या, कारण माझं सगळं नाटक त्याच्यावर उभं होतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात. कारण मधले सहा रविवार धरायचे नसतात. रविवारी प्रभू मेलेल्यांतून उठला, म्हणून रविवारी उपास नाही; आपण चाळीस दिवस मातीत असलो तरी दर सातव्या दिवशी आपल्याला थोडं उठवून बसवतात, असं अक्का सांगायची. ज्यानं चहा सोडला त्यानं रविवारी चहा प्यावा. ज्यानं भाऊ सोडला त्यानं... हे मला लहानपणापासून पाठ होतं. दगडी पाटीवर तिनंच वजाबाकी करून दाखवली होती, शेहेचाळीस वजा सहा. पट्टीसकट पाठ होतं.

पहिल्या रविवारी उपासनेनंतर अक्का मटणाचं पातेलं घेऊन आमच्याकडे आली. खुर्ची ओढून बसली, पदर सारखा केला, आणि चार दिवसांची भूक डोळ्यांत घेऊन म्हणाली, "हं, सांग. त्या टोपीचं काय झालं?"

मी उठलो. फळीवरून तीच जुनी पाटी काढली, तिच्यावर मोठ्ठा पाच काढला, तिच्यापुढे धरला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

ती म्हणाली, "अरे, रविवार धरायचा नाही." मी निरागस चेहऱ्यानं मान हलवली. पाटीवरच्या पाचावर बोट आपटलं. हे माझं हेरोदाच्या खालोखालचं उत्तम काम. एस्तेर रागावली, मी तिलाही पाटी दाखवली. अक्का उठली आणि पातेलं तिथंच ठेवून गेली. मटण उत्तम झालं होतं. मी दोनदा घेतलं.

दुसऱ्या रविवारी बारा. तिसऱ्या रविवारी एकोणीस. गल्लीत बातमी पसरली होती. उपासना सुटली की शेजारपाजारचे आमच्या ओट्यासमोर जमायला लागले. अक्का यायची, खुर्चीवर बसायची, म्हणायची, "हं, सांग." मी झोकात पाटी फिरवायचो, लोक हसायचे. एकदा कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या आणि मी कमरेत वाकून त्यांचा स्वीकार केला. अक्का त्या टाळ्यांमधून उठून गेली. पण पुढच्या रविवारी परत आली. ती दर रविवारी आली. माझी खात्री होती की अपमान झाल्यावर ती यायची थांबेल आणि मी जिंकेन, ती थांबेना. आणि मलाही एक पुढचा डाव दिसत होता. माझ्या हिशेबानं चाळिसावा दिवस झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, येत होता, तिच्या हिशेबानं पुढच्या शनिवारी. म्हणजे सोमवारपासून मी बोलायला मोकळा आणि ती तोंड बांधलेली. पूर्ण आठवडा. मी सायकलवर एकटाच हसायचो.

पाचव्या रविवारी ती आली तेव्हा पायऱ्या चढून तिला दम लागला होता. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ हात छातीवर. पाटीवर तेहतीस. तिनं त्या दिवशी "हं, सांग" म्हटलं नाही. म्हणाली, "मला सांगायचंय." मी बोटानं गप्प राहायची खूण केली. रात्री एस्तेर म्हणाली, त्या परवा दवाखान्यात गेल्या होत्या एकट्या, मी विचारलं तर म्हणाल्या दावूला मीच सांगीन. मी म्हणालो, सांगू दे की, चाळीस दिवस झाल्यावर.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही सगळे हातात शिंदीची झावळी घेऊन होसान्ना म्हणत चर्चला फेरी घालतो. अक्का या वर्षी फेरीत नव्हती, बाकावर बसून होती. तरी उपासनेनंतर आमच्या दाराशी आली, हातात झावळी तशीच. गर्दी जमलीच होती. ती म्हणाली, "दावू, आज तरी. एकच सांगायचंय." मी पाटी वर केली. भलामोठा चाळीस, भोवती वेलबुट्टी. लोकांनी दाद दिली.

अक्कानं झावळी खुर्चीवर ठेवली. माझ्या हातातली पाटी काढून घेतली, माझ्या खिशातली पेन्सिल घेतली. वर्गात मारायची तशीच तिरकी रेघ चाळिसावर मारली आणि खाली लिहिलं, चौतीस. पाटी परत दिली. "गणित चुकलं," म्हणाली, आणि गेली. झावळी खुर्चीवरच राहिली.

सोमवारी साडेचारला मी तिच्या उंबऱ्यावर हजर. माझे चाळीस भरले होते. पाच आठवड्यांच्या सगळ्या गोष्टी मी पहिल्यापासून काढल्या, मुकादम, जॉबर, साहेब, आणि दोन दिवस असा काही रंगलो की तसा कधी रंगलो नव्हतो. ती आत खाटेवर भिंतीला टेकून बसलेली, ओठ गच्च मिटलेले. तिचे खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, काय हसतेय... आणि प्रत्येक गोष्ट मी शेवटाच्या अलीकडे थांबवली. म्हणालो, शेवट ईस्टरला. तेव्हा तूही बोल, मीही बोलतो. मंगळवारी मी निघताना तिनं हात वर केला. मी तो मास्तरणीचा हात समजलो, थांब म्हणणारा, आणि मी थांबणाऱ्यातला नव्हतो.

बुधवारी पावणेपाचला वीज गेली. माग एकदम बंद पडले. आमच्या गल्लीत असं झालं की क्षणभर बहिरं झाल्यासारखं वाटतं, मग बारीक बारीक आवाज यायला लागतात, कुणाची बादली, कुणाची चूल. हे मुद्दाम सांगतोय. खटाखटीत ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला ठेवलेली नाही. मी नुकताच घरी आलो होतो, एस्तेरनं चहा दिला होता, आणि भिंतीतून स्वच्छ आवाज आला, "दावू."

मी कप खाली ठेवला. परत आला. "दावू."

मी टाळी वाजवली. म्हणालो, "एस्तेर, ऐकलंस? हरली. अक्का हरली. तीन दिवस राहिले होते आणि हरली." एस्तेर म्हणाली, अहो, जा तरी. मी म्हणालो, जातो की, पण असाच जाऊ? मी पाटी काढली. चौतीसच्या बाजूला तिला गुण म्हणून केवढं शून्य काढू याचा विचार करत बसलो. तिसरी हाक आली तेव्हा मी चहा बशीत ओतत होतो. ती हाक लहान होती. फुंकर मारून पिताना मी प्रवेश कसा घ्यायचा ते ठरवत होतो, दारातून एकदम, की खिडकीतून आधी नुसती पाटी... सात-आठ मिनिटं गेली असतील. मग शिवम्मा दारात आली.

अक्का खाटेवरून उतरून भिंतीपाशी बसली होती. उजवा तळहात भिंतीला टेकलेला, आमच्या बाजूच्या भिंतीला. तोंड थोडं उघडं. मी आत गेलो ते पाटी घेऊनच.

गुरुवारी माती दिली. पाळकसाहेब म्हणाले, आमच्या भगिनीचा उपास प्रभूच्या चरणी पुरा झाला. चर्चभर माणसं रडत होती, त्यात शाळेतल्या मुली सगळ्यात पुढे, तळहात मांडीवर पालथे ठेवून. मला एकट्याला ठाऊक होतं की उपास पुरा झाला नव्हता. सदतिसाव्या दिवशी तिनं तो मोडला होता, माझ्यासाठी, आणि मी चहा पीत होतो. घरी आल्यावर मी एस्तेरला ते सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मोडला नाही त्यांनी. सोडला." आणि आत गेली. आमच्या भाषेत उपास सोडणं म्हणजे जेवायला बसणं. इतकी वर्षं मी सोडणं, सोडणं म्हणून विनोद करत होतो आणि हा अर्थ माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. चाळीस दिवस ज्याची भूक धरली होती त्याच्याकडे तिनं तोंड केलं होतं, आणि ताट वाढायला कुणी आलं नाही.

तिच्या गीतपुस्तकात डॉक्टरांचा कागद सापडला. हृदयाचं काहीतरी, आणि खाली, लवकर दाखल व्हावे, सोबत नातेवाईक आणावा. ती तारीख पाचव्या रविवारच्या आधीची होती. मला वाटतं, तिला तेवढंच सांगायचं होतं. पण मला वाटतं, यापलीकडे मला काही कळायचा मार्ग नाही. कदाचित दुसरंच काही असेल.

ईस्टरला लोकांनी मला विचारलं नाही, या वर्षी काय सोडलं होतंस. दोडका सोडला होता. सहा वेळा ती उठून माझ्या दाराशी आली होती आणि मी सहाही वेळा तिला परत मातीत घातलं, टाळ्या घेऊन. हेरोदाचं काम यंदा दुसऱ्या कुणालातरी द्या असं मी पाळकसाहेबांना सांगितलंय. ते म्हणाले, अजून नाताळला वेळ आहे. त्यांना वाटतं, तोवर माझं दुःख निवेल.

पाटी आता मधल्या भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. चाळिसावर रेघ, खाली तिच्या अक्षरातला चौतीस. शून्य काढायचं राहिलं ते राहिलंच. माग चालू असले की भिंत थरथरते आणि पाटी तिच्यावर टकटक वाजते, दिवसभर. एस्तेर म्हणते, काढून ठेवा, कान किटले. मी काढत नाही. रविवारी माग बंद असतात. रविवारी पाटी गप्प असते.

उपासना सुटली की मी पलीकडे जातो. खोलीचं कुलूप काढतो, उंबऱ्यावर बसतो. पहिल्या रविवारी मी तिला टोपीचा शेवट सांगितला. टोपी छतावरून खाली आली ती थेट मोठ्या साहेबांच्या चहात. मग जॉबरच्या बायकोचं. असे एकेक करून सगळे शेवट सांगून झाले, गेल्या रविवारी शेवटचा संपला. आता माझ्याजवळ सांगायला काही उरलेलं नाही. शिवम्मा तिच्या ओट्यावरून बघते.

आज परत रविवार आहे. आत जाऊन मी भिंतीला पाठ टेकून बसलो, तिच्या हाताची जागा खांद्याजवळ येईल असा. आणि म्हणालो, "हं, सांग."